खडवलीच्या खुंट्या आणि आम्ही दोन म्हातारे

कळवे, दिवे आणि मुंब्र्याकडच्या खारबांधांवरच्या समस्त मंडळींस बाळकुमच्या गोमाचा रामराम.

लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. पाडव्यानंतर खडवलीला जाऊन येतो आणि आल्यावर दोन दिवसांत सगळे लिहून धाडतो, असे मी तुम्हाला सांगून गेलो होतो. आज अक्षय तृतीयाही मागे पडली. एक कारण असे की मी मराठी तिसरीपर्यंतच शिकलेला माणूस. जोडाक्षर आले की माझा हात थबकतो. दुसरे असे की चष्म्याची एक दांडी मोडली आहे आणि तो दोऱ्याने कानाला बांधावा लागतो. पण खरे कारण निराळेच आहे. खडवलीला माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती लिहावी की गाळावी हे ठरेना. गाळून लिहायला बसलो तर पुढचे काहीच जुळेना. म्हणून आता सगळेच लिहितो. बांधावर सगळे जमाल तेव्हा कुणीतरी मोठ्याने वाचावे.

तुमच्यातले पुष्कळजण मला विचारीत होते की, गोमा, तुझा जनू कल्याणला मास्तर झाला, पण मातीची शाळा म्हणजे काय? माती शिकवतात कशी? तिकडे जायचे तर वाट कोणती, खर्च किती, राहायचे कुठे? हे सगळे बघून येण्यासाठीच मी निघालो होतो. आमचा जनार्दन म्हणजे आपल्या खारीतल्या गावांतून पुण्याला जाऊन शेतकी शिकलेला पहिला मुलगा. आता तो कल्याणच्या सरकारी शाळेतल्या शेतकीच्या वर्गाला शिकवतो. फाल्गुनात त्याचे पत्र आले. ‘बाबा, खडवलीला डोंगरउतारावर मी वर्षभर एक काम चालवले आहे. पावसाने शेताची माती किती वाहून जाते ते गावकऱ्यांना दाखवायचे आहे. चैत्र शुद्ध दशमीला गाव उतारावर जमेल. आडवे बांध घालायचे की नाही ते त्या दिवशी ठरेल. नाही म्हणाले तर ती जागा वर्गाच्या हातून जाईल आणि माझे काम तिथेच संपेल. तुम्ही यावे अशी इच्छा आहे.’

पत्र चार वेळा वाचले. ‘तुम्ही यावे’ या शब्दांवर बोट ठेवून तुमच्या वहिनीलाही दाखवले. तिला वाचता येत नाही, तरी तिने अक्षरांवरून हात फिरवला.

मला एकट्याने प्रवास करवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून शेजारच्या पास्कूला बरोबर घेतले. पास्कू म्हणजे चर्चजवळच्या वाडीतला. चाळीस वर्षे त्याचा बांध आणि माझा बांध एकमेकांना लागून आहेत. त्याचा उत्साह मोठा आणि तोंड त्याहून मोठे. अमावास्येचे उधाण सरून भांगेची लहान भरती लागली, भरतीचे पाणी उतरले, तेव्हाच घरातून पाय काढला. तरी बांधाच्या उघाडीवर, खाडीचे पाणी सोडायच्या-अडवायच्या दारावर, धाकट्या भावाला बसवून त्याला तीन वेळा बजावले की खेकड्याचे भोक दिसले तर ते बुजवायला तासभरही थांबू नकोस.

तो म्हणाला, ‘दादा, तू जा बाबा. तू हितं असलास म्हंजे खेकडेपन झोपत नाय.’

अष्टमीला सकाळी बाळकुमहून ठाण्याला चालत गेलो. कोसभराची वाट आहे. सावलीतून जायचे तर उन्हे चढण्याआधी निघावे. स्टेशनावर तिसऱ्या वर्गाची तिकिटे काढली. आण्यांचेच काम आहे, भिण्यासारखे काही नाही. मात्र तिकीट कनवटीला बांधू नका, घामाने भिजते. मी दर स्टेशनाला कनवट सोडून बघत होतो, आणि पास्कू दर स्टेशनाला म्हणत होता, ‘हाय रे, हाय. उडून नाय गेला.’

पास्कूने सुनेच्या हातचे सुके बोंबील टोपलीत घेतले होते. समोर एक कारकून गृहस्थ बसले होते, त्यांनी उपरणे नाकाला लावले आणि विचारले, ‘कुठवर जायचंय तुम्हाला?’

‘कल्याण,’ मी म्हणालो. ‘माझा मुलगा तिथे मास्तर आहे.’

‘असं? काय शिकवतो?’

‘माती.’

ते हसले. ‘मातीत शिकवण्यासारखं काय असतं?’

माझी कानशिले तापली. पास्कूने टोपलीवरचे फडके नीट केले आणि म्हणाला, ‘रावसाहेब, भात कशात शिजतो ते तुमाला म्हायत हाय. कशात पिकतो ते इचारा की आमच्या मास्तरला.’ कारकून गृहस्थ मग खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांना राग आला असेल काय, याची चिंता मला कल्याणपर्यंत लागून राहिली. उतरताना मात्र त्यांनी माझी वळकटी खाली दिली.

वाटेत बघण्यासारखे पुष्कळ आहे. गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते तेव्हा खालचे पाणी जरूर बघा. मग डोंगराच्या पोटातला अंधार येतो. तिथे डोळ्यांत कोळसा जातो म्हणून डोळे मिटून घ्यावे. पलीकडे दिव्याकडची तुमचीच शेते दिसतात. त्यात एका ठिकाणी बांधाची बाजू ढासळलेली पाहिली. कुणाची ते लिहीत नाही, पण उजव्या हाताला, जुन्या उघाडीच्या पलीकडे, तिकडे कृपा करून बघा. डोंबिवली, ठाकुर्ली ही गावे गाडीतून दिसली; कापणी झालेली शेते, ताडाची झाडे आणि माणसांहून जास्त बगळे.

कल्याणला जनू न्यायला आला होता. अंगात कोट, डोक्याला पागोटे. मी त्याच्याकडे बघत राहिलो, त्यामुळे त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा आशीर्वाद द्यायचा राहून गेला. घर तळ्याच्या बाजूला, दोन खोल्यांचे. सून यशोदा हिने तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे केले होते. पास्कूच्या टोपलीकडे पाहून ती म्हणाली, ‘मामंजी, बोंबील मी भाजते, पण परसात हो. शेजारी जोशीकाकू राहतात.’

दुपारी शाळा बघितली. मंडळी, मातीची शाळा खरोखरच असते. भिंतीला फळ्या ठोकलेल्या आणि त्यांवर काचेच्या बरण्या, दर बरणीत एकेका गावची माती. तांबडी, काळी, करडी, पिवळट. दर बरणीला कागद चिकटवून त्यावर गावाचे नाव. दुसऱ्या फळीवर चौथी बरणी आपली. ‘बाळकुम, खारजमीन, बांधाच्या आतली’ असे जनूच्या अक्षरात लिहिलेले. आपल्या पायाखालचा चिखल, जो घरात आणला तर बायका ओरडतात, तो काचेत ठेवला आहे आणि ब्राह्मण, प्रभू, वाणी यांची मुले त्याच्याकडे बघून वहीत लिहून घेतात.

वर्गात बारा-तेरा मुले होती. जनूने चार पेल्यांत चार ठिकाणची माती पाण्यात कालवली आणि गाळून ठेवली. मग मुलांना म्हणाला, ‘यातल्या कुठल्या मातीत मीठ जास्त, ते आपण औषध घालून बघणार आहोत. पण आधी माझे वडील जिभेने सांगतील.’

मुले हसली. चुकलो तर मुलाची फजिती. पास्कू मागून हळूच म्हणाला, ‘चाट रे. जलमभर तेच केलंस.’ मी एकेका पेल्यात बोट बुडवून जिभेला लावले. खारीतली माती आपण अशीच पारखतो; यंदा भात लावता येईल की अजून एक पावसाळा मीठ धुऊन निघू द्यायचे, ते जीभ सांगते. मी पेले मागेपुढे केले आणि सर्वांत खारट उजवीकडच्या टोकाला ठेवला. जनूने चांदीपासून केलेल्या औषधाचा एकेक थेंब टाकला. पहिला पेला तसाच राहिला. दुसऱ्यात धुरकट रेघ उठली, तिसरे पाणी ताकासारखे झाले आणि चौथे अगदी दुधासारखे पांढरे. मी लावलेल्या क्रमाने! मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाने मला विचारले, ‘आजोबा, हे तुम्ही कुठे शिकलात?’ काय सांगणार? बापाच्या मागे बांधावर, एवढेच म्हणालो.

पुढे जनू बराच वेळ फळ्याजवळ उभा राहून बोलला. डोंगरउताराचे चित्र काढले, पाण्याच्या रेघा काढल्या, उतारावर उभ्या रेघा काढून त्यांविषयीही काही सांगितले. खरे सांगतो, मी ऐकतच नव्हतो. त्याचा हात कसा चालतो, खडू कसा धरतो, मुले कशी मान वर करून बघतात, तेवढेच बघत बसलो होतो. नंतर त्याने विचारले, ‘बाबा, समजलं ना सगळं?’ मी म्हणालो, ‘हो तर.’ न समजलेले समजले म्हणू नये, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे खडवलीला निघालो. कल्याणहून सहा कोस, बैलगाडीने. गाडीवाल्याने जाऊन-येऊन एक रुपया घेतला, वर बैलांची वैरण आपली. उन्हाळ्यात नदीला उतार मिळतो आणि गाडी पाण्यातून जाते; सामान मांडीवर घ्या, माझे भिजले. पाणी मडक्यातून बरोबर न्यावे. वाटेत मोहाची फुले पडलेली असतात आणि त्यांच्या वासाने डोके जड होते. भूक लागली की कैऱ्या पुष्कळ, पण माझ्या दातांना त्या झेपल्या नाहीत.

आपल्याकडे सगळे सपाट. तिकडे जमीन उभी असते, हे आधी लक्षात घ्या. डोंगराच्या अंगावर नाचणी-वरीची शेते, आणि त्यांतून पाण्याने पाडलेल्या घळी. काही ठिकाणी वरची माती अगदी गेलेली आणि खालचा मुरूम उघडा, जसे एखाद्याचे गुडघे खरचटावे. जनूने गाडी थांबवून एका घळीच्या कडेला हात लावून दाखवला. वर तळहाताएवढा जाड काळसर थर आणि त्याखाली नुसते दगड. ‘बाबा, माणसाला खायला घालते ती एवढीच,’ तो म्हणाला. ‘बाकी सगळा डोंगर उपाशी.’

मला तेव्हापासून धास्ती वाटू लागली. आपल्याकडे बांधाला खांड पडून पाणी आत शिरले तर सगळा गाव धावतो. इथे दर पावसाळ्यात सगळीकडे खांड पडते आणि कुणी धावत नाही.

खडवलीला कुशा पाटलांच्या ओसरीवर उतरलो. साठीचा माणूस, बारीक, ताठ, आणि डोळे सारखे मिचकावणारा. नाचणीची भाकरी, तुरीचे वरण आणि नदीतले मासे दिले, आणि वर आम्हाला बरेच टोमणेही दिले. आम्ही खाडीकाठचे आहोत हे कळल्यावर म्हणाले, ‘म्हंजे आमची माती जाते ती तुमच्याकडंच व्हय! आमची नदी तिकडंच जाऊन मिळती न्हवं? तुमी खाली बांध घालून बसलाय, आन आमी वरून धाडतोय. बरं चाललंय तुमचं.’

पास्कू म्हणाला, ‘पाटील, एवढी माती धाडता, जरा तांदूळ पन धाडा.’

सगळे हसले. मी हसलो, पण ते बोलणे मनात जाऊन बसले.

जनू मात्र हसला नाही. पाटलांनी त्याला सरळ सांगितले, ‘मास्तर, तुमी लई चांगले. पन दोन बोटं माती गेली, चार बोटं गेली, हे तुमच्या वहीत लिवलंय. वही तुमची, शाई तुमची. उद्या गावासमोर जमिनीवर दावा. दिसलं तर बांधाचं बघू. न्हाय दिसलं तर हितनं पुढं ती जागा आमची आमाला. धोंडे उचलायला लोक काय मोकळे बसल्यात काय?’

‘जमिनीवरच दाखवतो,’ जनू म्हणाला.

दशमीचा दिवस उजाडला. जनू गावात घरोघर लोकांना बोलवायला गेला. आम्ही दोघे म्हातारे कसली घरे हिंडणार? आम्ही पाण्याचे मडके घेतले आणि सावकाश उतारावर जाऊन बसलो. गाव यायला अजून दोन घटका होत्या.

तिथे पाहतो तर उतारावर खुंट्या. ऐनाच्या लाकडाच्या, तीन रांगांत सात-सात. आणि सगळ्या वर आलेल्या! कुठे दोन बोटे बाहेर, घळीजवळ तर चांगल्या चार-पाच बोटे, दोन तर कललेल्या.

मंडळी, बांधावर वर आलेली खुंटी दिसली तर तुम्ही काय कराल? आपण ती पुढे टाकून जात नाही. बांधाच्या तोंडाला मारलेली खुंटी वर आली म्हणजे बांध सुटू लागला. हातातले काम टाकून आधी ती ठोकायची, हे आपल्याला चालता येऊ लागल्यापासून शिकवलेले आहे. गाव येणार, पाटील बघणार, आणि मास्तरच्या खुंट्या सैल!

पास्कू म्हणाला, ‘बघ, तुझा पोरगा मास्तर झाला, पन खुंटी मारायची इसरला.’

‘गप बस,’ मी म्हणालो. ‘दगड शोध.’

आम्ही एकवीसच्या एकवीस खुंट्या ठोकल्या. जमीन वाळून कडक झाली होती. पास्कूने प्यायचे पाणी खुंट्यांच्या बुडाशी ओतले, कारण ओल्या मातीत खुंटी जाते. तो वरच्या रांगेत, मी खालच्या. मधली रांग कोण आधी गाठतो अशी शर्यतच लागली. डोकी जमिनीला भिडेपर्यंत मारल्या. दम लागला, हाताला फोड आला, पण मनाला फार बरे वाटले. आज मुलाची लाज आपण राखली, असे वाटले.

एवढ्यात जनू वर आला. मागे पाटील आणि पंधरा-वीस माणसे. जनू पहिल्या रांगेपाशी थांबला. मग दुसऱ्या रांगेकडे बघितले. मग माझ्या हातातल्या दगडाकडे.

‘बाबा, हे काय केलंत?’

‘सैल झाल्या होत्या,’ मी म्हणालो. ‘घट्ट केल्या.’

त्याचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, ‘सैल नव्हत्या. गेल्या पावसाळ्याआधी मी गावासमोर त्या जमिनीला लागून मारल्या होत्या. जेवढ्या वर आल्या तेवढी माती गेली. तेच दाखवायचं होतं आज.’ फळ्यावर त्याने काढलेल्या उभ्या रेघा म्हणजे याच खुंट्या होत्या, हे मला तेव्हा कळले.

पाटलांनी वाकून पाहिले आणि डोळे मिचकावले. ‘मास्तर, माती परत आली की! बांधाची काय गरज?’ माणसे हसली. दोघे-तिघे परत फिरू लागले.

मी घाबरट माणूस आहे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण जनू खाली मान घालून उभा होता, ते मला बघवले नाही. मी दगड टाकला आणि म्हणालो, ‘थांबा. ही माझी चूक. मास्तरची नाही. मी खारीतला माणूस. खुंटी वर दिसली की ठोकायची, एवढंच मला येतं. आम्ही दोघांनी आत्ता, या दगडांनी ठोकल्या. हा बघा हाताला फोड. पण लाकूड खोटं बोलत नाही. उपटून बघा.’

‘उपटून काय दिसनार?’ एकजण म्हणाला.

‘जेवढी उन्हात होती तेवढी राखाडी पडली असेल,’ मी सांगितले. ‘मातीत होती तेवढी काळी. बांध किती खचला ते आम्ही असंच बघतो.’

मग पाटलांनी स्वतःच एकाच्या हातातली पहार घेतली, घळीजवळच्या खुंटीच्या बाजूची माती उकरली आणि ती उपटली. आमच्या पाण्याचा चिखल धोतराच्या सोग्याने पुसला आणि खुंटी उन्हात धरली. वरचा भाग राखेसारखा, खालचा काळपट, आणि मध्ये रेघ, जशी नदीच्या खडकावर पाण्याची असते. पाटलांनी रेघेवर अंगठा ठेवून डोक्यापर्यंत बोटे मोजली. चार आणि वर थोडी. ‘मास्तर, तुमच्या वहीत हितं काय लिवलंय?’ जनूने वही उघडून वाचले. तेवढेच.

मग सगळ्याच उपटल्या. चार खुंट्या वाळवीने खाल्लेल्या निघाल्या, त्यांवर काही दिसले नाही, हेही सांगतो. बाकीच्या सतरा हातोहात फिरल्या. वहीकडे ज्यांनी वर्षभर ढुंकून पाहिले नव्हते ती माणसे खुंटीवर बोटे ठेवून एकमेकांना दाखवू लागली. एक म्हातारी बाई म्हणाली, ‘अगं बाई, एवढी? ही तर माज्या चुलीच्या जोत्याएवढी झाली!’

तरी एकाने शंका काढलीच. ‘मास्तरनं आदी वर वढून ठेवल्या असतील तर?’

त्यावर पाटील जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ‘आरं, लबाडी करनारा बाप खुंट्या वर वढील. हा येडा तर खाली मारत बसला! आपल्याच पोराचं काम आपल्या हातानं बुडवलं आन गावासमोर कबूल केलं. ह्या घरात लबाडी न्हाय.’

मंडळी, मला सर्वांसमोर येडा म्हटले आणि माझी छाती फुगली.

पुढे जनू बोलला. काचेच्या दोन उंच पेल्यांत गेल्या पावसाळ्यातले पाणी त्याने झाकून ठेवले होते, एक नांगरलेल्या उतारावरचे आणि एक गवताखालच्या जमिनीवरचे. पहिल्याच्या तळाला जाड गाळ, दुसऱ्यात नखभर. ‘हा गाळ म्हणजे तुमची नाचणी,’ तो म्हणाला. ‘पाणी अडवायचं नाही, ते अडत नाही. त्याला सावकाश चालायला लावायचं.’ या वेळी मी लक्ष देऊन ऐकले. सगळे समजले. बांधाच्या कामात माझी हयात गेली, पण ते इतके थोडक्यात मला कधी सांगता आले नसते.

शेवटी पाटलांनी गावाशी बोलून ठरवले. आधी उताराचा एकच पट्टा घ्यायचा, घळीपासून आंब्यापर्यंत. धोंडे गाव उचलील. त्या पट्ट्यातली माती राहिली तर पुढच्या साली सगळा उतार. पण एक अट घातली. ‘मास्तर पुस्तकातला माणूस. मापं दाखवील. पन बांध आमी कधी घातला न्हाय. पयल्या पावसात फुटला तर लोक पुना धोंड्याला हात लावायचे न्हाईत. बांधाच्या हाताची मानसं पायजेत, आन मृगाच्या आत. म्हातारबुवा, तुमच्याकडं हायेत का?’

मी जनूकडे पाहिले. तो सकाळपासून पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होता. आणि मी, जो गाडीचे तिकीटसुद्धा दहा वेळा तपासतो, तो पटकन बोलून गेलो, ‘आठ माणसं आणतो.’

पास्कू कानात म्हणाला, ‘कोन आठ?’

‘दोघे तर इथेच आहेत,’ मी म्हणालो.

परतीची वाट तीच. गाडी टिटवाळ्याच्या जवळ आल्यावर जनू म्हणाला, ‘बाबा, आता नव्या खुंट्या माराव्या लागतील. तुम्हीच मारा. फक्त पुन्हा त्यांना हात लावू नका.’ पास्कू इतका हसला की गाडीवाल्याने मागे वळून बघितले. कल्याणला एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही बाळकुमला पोचलो. बांध जागेवर होता. धाकट्या भावाला खेकड्याची दोन भोके सापडली होती आणि त्याने ती बुजवलीही होती. तरी मी जाऊन पायाने दाबून पाहिली.

आता घरी बसून विचार करतो की काय घेऊन आलो. फोड बरा झाला. शाळेतल्या बरण्या डोळ्यांसमोर येतात तेव्हा बरे वाटते. पण जास्त आठवतो तो तळहाताएवढा थर. आपल्या बापजाद्यांनी खाडीत बांध घातले आणि आत जो गाळ धरला, तो कुठून आला असेल हा प्रश्न मला या वयापर्यंत कधी पडला नव्हता. खडवलीचे पाटील थट्टेत म्हणाले, पण खोटे नाही म्हणाले. आपण खाली बसून ज्या मातीवर भात काढतो ती वर कुणाच्या तरी शेतातून निघालेली आहे. समुद्राला अडवणारे आपण. डोंगरावरचे पाणी सावकाश चालवायचे काम आपल्या हातांना का येऊ नये? मी पाहून आलो आहे. चिखलाऐवजी धोंडे आहेत, आणि भरतीऐवजी उतार आहे. बाकी काम तेच. उलट तिथे पाणी दिवसातून दोनदा येत नाही, वर्षातून चारच महिने येते.

ज्यांना माती शिकवतात ती शाळा बघायची आहे, त्यांनी याच वाटेने यावे. यशोदा भाकरी घालील, मात्र बोंबील परसात भाजावे लागतील. खडवलीला पाटलांकडे उतरायची सोय आहे. भाड्याची चिंता करू नका, गाडी मी ठरवीन.

पण मंडळी, माझी झोप उडाली आहे. आठ माणसे आणतो म्हणून मी तुम्हाला न विचारता शब्द देऊन बसलो. मी आणि पास्कू, आम्ही दोघे म्हातारे, धरून दोन. धाकटा भाऊ तयार आहे, तो तिसरा. उरलेले पाच मी तुमच्या भरवशावर मोजले आहेत. मृगाला आता महिनाही उरला नाही, आणि त्या पट्ट्याला दहा-बारा दिवस तरी लागतील. तिकडे गावकऱ्यांनी धोंडे गोळा करायला सुरुवात केली आहे, असे कालच जनूचे पत्र आले. त्याने माणसांविषयी एक अक्षरही विचारलेले नाही. आपल्या बापाने शब्द दिला म्हणजे माणसे येणार, असे तो धरून चालला आहे. कळव्याहून कोण, दिव्याहून कोण, मुंब्र्याहून कोण, नावे कळवा. येणार नसाल तर तेही कळवा, मी दुसरीकडे पाय झिजवीन. पण गप्प राहू नका. मिठागराकडे येणाऱ्या होडीबरोबर सांगावा धाडलात तरी पोचेल. मी रोज भरतीच्या वेळी धक्क्यावर येऊन उभा असतो. लवकर कळवा.